बंदुकीची गादी

माझी मुलगी झाली तेव्हा बदनापूरच्या एका घराचं दार माझ्यासाठी उघडं होतं. ते उघडं राहिलं कंडक्टरकाकांमुळे, काकूंमुळे आणि धावड्याच्या एका निवृत्त फौजीमुळे. आणखी एक नाव घ्यायचं तर एका कुल्फीवाल्याच्या डीप फ्रीजरचं घ्यावं लागेल. ही नावं मी आधीच घेऊन टाकते, कारण गोष्ट सांगायला लागले की मला हसू येतं आणि हसण्याच्या नादात उपकार मागे पडतात.

मी भंडारा जिल्ह्यातली. सातवीनंतर माझी शाळा सुटली. आईला अर्धांगवायू झाला आणि घरात भात कोण शिजवणार असा प्रश्न आला, त्याचं उत्तर मी होते. पुढे लग्न झालं, नवऱ्याला जालन्याच्या सळईच्या कारखान्यात काम लागलं आणि आम्ही इतक्या लांब येऊन पडलो. जालन्यात खोल्या मिळायच्या पण टिकायच्या नाहीत. एकाचा मुलगा परत यायचा, दुसऱ्याला गोदाम काढायचं असायचं. मला आधीपासूनच काळजीची खोड आहे, कडी लावून झोपले तरी उठून पुन्हा बघते. त्या वर्षी तर आमचं सामान मी पूर्ण उघडायचंच सोडून दिलं होतं. अर्धं बोचक्यातच असायचं.

बदनापूरला रेल्वे आहे, नवरा तिथून कामावर जाऊ शकतो, म्हणून आम्ही तिथे खोली बघायला गेलो. दारात एक उंच, वाकलेले गृहस्थ खाकी पँट आणि बनियन घालून उभे होते. आम्ही कोण, काय, कुठं काम, काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "कुठून बसलात?"

मी म्हणाले, भंडाऱ्याहून.

"लांबचं तिकीट आहे," ते म्हणाले. "या, पुढं सरका."

त्यांनी आयुष्यभर एस.टी.त कंडक्टर म्हणून काम केलं होतं आणि निवृत्त होऊनही ते गाडीतून उतरले नव्हते. माणसाला ते नावानं हाक मारत नसत. जो जिथून आला ते त्याचं नाव. दूधवाला सेलू होता, किराणावाला दाभाडी. मी भंडारा झाले, आणि माझा नवरा रोज गाडी पकडायला धावत सुटायचा म्हणून तो भंडारा एक्सप्रेस. काकू अंबडकडच्या, म्हणून त्या अंबड. स्वतःच्या मुलालाही ते सोडत नसत. "पुण्याचा फोन आल्ता," ते सांगायचे, आणि मला पहिले काही दिवस वाटायचं की महानगरपालिकेशी यांचं काही काम चालू आहे. माझ्या मुलीला ते आजही फोनवर बदनापूर म्हणतात. "बदनापूर जेवलं का?"

मी एकदा विचारलं, काका, नावानं हाक मारायला काय हरकत आहे? ते म्हणाले, नाव आई-बाप ठेवतात, त्यांचं काय, हौस असते. पण माणूस कुठून आलं ते कळलं की त्याला कुठं उतरवायचं ते कळतं. हे वाक्य मला तेव्हा कळलं नाही. आताही पूर्ण कळलंय असं नाही.

जेवायला बसले की ताटावर पेल्यानं दोनदा टिंगटिंग वाजवायचे, मग पहिला घास. काकूंशी भांडण झालं की एकदाच वाजवायचे, म्हणजे गाडी थांबली. काकूही कमी नव्हत्या. "थांबली तर थांबली," त्या म्हणायच्या, "ढकलायला मी उतरणार न्हाई." बोलणं त्या घरात असं सतत चालू असे. आमच्या भंडाऱ्याकडं 'जाऊन राहिलो' म्हणतात, तिकडं 'जाऊन राह्यलो'. तेवढ्या सारखेपणावर मी पहिल्या आठवड्यात सगळं बोचकं उघडलं.

आता बंदूक.

काकांचे वडील गावचे पाटील. त्यांच्या वेळेपासून परवान्याची एक रायफल घरात होती, ती परवान्यासकट रीतसर काकांकडे आली. ही रायफल मूळची फौजेची. लढाईतून सुटल्यावर कुण्या मिस्त्रीनं तिचं पुढचं लांबलचक लाकूड कापून, नळी थोडी छाटून तिला शिकारी रूप दिलं होतं. काका सांगायचे, "ही बी रिटायर, मी बी रिटायर. फरक इतकाच, तिनं वर्दी काढली." स्वतः मात्र खाकी पँट सोडत नव्हते.

शिकार तर कधीच बंद झाली होती. काकांनी उभ्या जन्मात जनावरावर गोळी झाडली नाही, असं काकू सांगत. उंदीर निघाला तरी पिंजरा लावून पलीकडच्या पडीत सोडून यायचे. त्यांना आवडायचं ते रेंजवर जाऊन कागदावर गोळी मारणं. जालन्याच्या बाहेर टेकडीच्या पोटाशी एक नेमबाजीचं मैदान होतं, त्याचे ते सभासद होते. निवडणूक आली की सगळ्यांसारखी त्यांनाही रायफल पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. त्या दिवसांत कुणी विचारलं तर सांगायचे, माहेरी गेली आहे. दोनदा तर ठाण्यात जाऊन विचारून आले, तिला ओलीत तर ठेवलं नाही ना. तिथल्या हवालदारानं त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

काकू रायफलीला सवत म्हणायच्या. "माझ्या अंगाला कधी तेल लावलं का इतकं?" असं त्या मला ऐकवून काकांना विचारायच्या. काका तेलाचं फडकं बाजूला ठेवून म्हणायचे, अंबडला गंज लागत न्हाई.

त्या वर्षी उन्हाळ्यात पुण्याहून मुलगा आला. चांगला माणूस, वाईट काही नव्हतं त्याच्या मनात. बाबांना मोतीबिंदूची सुरुवात आहे, आईचे गुडघे गेलेत, दोघांनी आता पुण्याला यावं, असं त्याचं म्हणणं. घर एक व्यापारी बियाण्याच्या गोदामासाठी घ्यायला तयार होता. माझ्या हातात तेव्हा चहाचे कप होते. मला दिवस गेले होते आणि ते फक्त काकूंना माहीत होतं. माझी आई अंथरुणाला खिळलेली, सासू नाही. बाळंतपण इथंच करायचं, असं काकूंनी परस्पर ठरवून टाकलं होतं. हे घर गेलं तर मी पोट घेऊन खोली शोधत हिंडणार होते, आणि पोटुशी बाई दारात आली की घरमालक काय म्हणतात ते मला मैत्रिणीकडून ठाऊक होतं. म्हणतात, मोकळ्या झाल्यावर या.

काकांनी कपांकडे बघितलं. मी ते खाली ठेवायचे विसरून तशीच उभी होते. मग मुलाला म्हणाले, "मला दिसत न्हाई असं तुझं म्हणणं?"

मुलगा म्हणाला, दिसत नाहीच.

"मंग ठरवू. दिवाळीनंतर रेंजवर ये. तीन गोळ्या मारतो. तिन्ही भोकं तुझ्या आईच्या एका भाकरीखाली झाकली, तर उन्हाळ्यापर्यंत पुण्याचं नाव काढायचं न्हाई. न्हाई झाकली, तर बंदूक ठाण्यात जमा करतो अन् तुझ्या गाडीत बसतो."

मुलगा थकल्यासारखा हसला आणि हो म्हणाला. त्याला वाटलं, बाबांचा हट्ट आहे, पुरवू. मी मात्र ओट्याशी उभी राहून महिने मोजले. पौषात मी बाळंत होणार होते. पौषानंतर सव्वा महिना, मग उन्हाळा. काकांनी उन्हाळा हा शब्द का घातला ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मला तो शब्द पुरला.

अडचण एकच होती. काकांना दिसत होतं थोडंफार, पण रायफल ऐकत नव्हती. एक गोळी जालन्याला उतरायची, दुसरी अंबडला, तिसरी तर डेपोतून निघायचीच नाही, म्हणजे कागदालाच लागायची नाही. ही वाक्यं त्यांचीच. पावसाळ्यात एकदा रेंजवर शहरातल्या एका तरुण नेमबाजानं त्यांची अवस्था बघितली आणि आदरानं सल्ला दिला, अंकल, बेडिंग करवा लो, एकदम सीधी चलेगी.

मी तेव्हा बदनापूरच्या बाजारात एका गादीच्या दुकानात खोळी शिवत होते. दुकानाच्या पाटीवर मोठ्या लाल अक्षरांत 'बेडिंग हाऊस' लिहिलेलं होतं.

काका थेट दुकानात आले. पाटी एकदा वाचली, मग मला बघितलं, आणि जन्माची भेट झाल्यासारखं म्हणाले, "भंडारा, तुम्ही तर घरातच होत्या की. अन् मी उगाच हिंडून राह्यलो."

त्यांना रायफलीसाठी गादी हवी होती. मला थोडं विचित्र वाटलं, पण मी म्हटलं, असेल. मोठ्या मैदानावरची माणसं सांगतात म्हणजे असेल. तंबोऱ्याला गवसणी असते, हार्मोनियमला खोळ असते, बंदुकीला गादी का नसावी? शिवाय या गादीवर माझं छप्पर अवलंबून होतं. मी इतक्या मनापासून दुसरी गादी कधी केली नाही. मालकांना विचारून चांगला लांब धाग्याचा कापूस घेतला, पिंजून घेतला, लाल पट्ट्यांच्या जाड कापडाची खोळ शिवली. खांद्याकडे रुंद, नळीकडे अरुंद. कापूस एका जागी गोळा होऊ नये म्हणून ठिकठिकाणी टाके घालून गोंडे लावले. उशीही केली. काकांनी तिच्यावर तळहात दाबून बघितला आणि म्हणाले, फर्स्ट क्लास.

काकूंनी दारातून बघितलं. "माझ्या लग्नात मला आईच्या जुन्या लुगड्याची वाकळ मिळाली," त्या म्हणाल्या. "हिला उशी."

रायफल महिनाभर गादीवर झोपली. काकांची समजूत अशी की लोखंड शांत व्हायला वेळ लागतो. मग आम्ही रेंजवर गेलो. मला त्यांनी लांब, शेडच्या मागं शेअरिंगच्या जीपमध्ये बसवलं होतं. आवाज पोटातल्याला लागू नये म्हणून वर दोन गोधड्या. तरी मला खिडकीतून दिसलं. काकांनी टेबलावर गादी पसरली, उशी नीट केली, रायफल तिच्यावर निजवली आणि गोंडे सरळ केले. बाजूचे नेमबाज आपापलं काम सोडून बघत होते, पण एकजण हसेल तर शपथ. म्हाताऱ्या माणसाचा मान ठेवतात त्या भागात.

गोळ्या नेहमीपेक्षा लांब लांब गेल्या.

तेव्हा धावडा आले. धावड्याचे हे निवृत्त फौजी मैदानाची राखण करत, रब्बीच्या पेरणीसाठी गावी गेले होते, त्या दिवशी परतले होते. त्यांनी गादी बघितली. काकांना विचारलं की हे काय. काकांनी सांगितलं, बेडिंग. धावडा आधी उभ्यानं हसले, मग टेबलाला धरून, मग खाली बसून. काका वाट बघत उभे राहिले, गाडी सुरू व्हायची वाट बघतात तसे.

"काका," शेवटी धावडा डोळे पुसत म्हणाले, "बेडिंग म्हंजे गादी न्हाई. लोखंड लाकडात बराबर बसवणं."

"म्हंजे मी चुकीच्या गाडीत बसलो."

"बसला न्हाईत. रिझर्वेशन केलं, उशीसकट."

मग त्यांनी खालचे दोन स्क्रू काढून रायफल खोलली. लोखंडी भाग वेगळा, लाकूड वेगळं. मला त्यांनी जवळ बोलावून दाखवलं, कारण काकांनी सांगितलं होतं की आमच्या घरात बेडिंगचं खातं या बाईंकडे आहे. लाकडातली खाच जुनी झाली होती, कुठं तेलानं मऊ पडलेली, कुठं आकसलेली. लोखंड दोन-तीन ठिकाणीच टेकत होतं, बाकी अधांतरी. खाली एक जाड खूर असतो, गोळी सुटली की मागचा सगळा धक्का तो लाकडाला देतो. तो खूरही सैल. धावड्यांनी काकांना समजेल असं सांगितलं. गाडीतलं बाकडं ढिलं असलं तर दर ब्रेकला बसणारा वेगळ्या जागी सरकतो, तसं हे लोखंड दर गोळीला सरकतं. नेम तुमचा बरोबर असला तरी गोळी कालच्या जागेवरून निघतच नाही.

काकांनी मान डोलावली. आयुष्यभराचा अनुभव होता बाकड्यांचा.

मला मात्र एकदम कळलं. गादीचंही तेच असतं. अंग जिथं टेकत नाही तिथं पोकळी राहते, आणि माणूस रात्रभर कूस बदलत राहतो.

जालन्याच्या परवानेवाल्या बंदूक दुरुस्तीवाल्याकडं दिवाळीपर्यंत रांग होती. त्यानं रायफल तपासून दिली, लोखंडाला हात लावू नका म्हणून बजावलं, लाकूड भरायचं काम घरी करायला हरकत नाही म्हणाला, आणि एक गोष्ट तीनदा सांगितली. भरण टाकायच्या आधी लोखंडाला सगळीकडून मेण लावा. नाहीतर ते लाकडाशी कायमचं लग्न लावतं.

त्या रविवारी अंगणात काम सुरू झालं. लोखंड कुठं टेकतं ते बघायला त्याला काजळी फासायची आणि लाकडात दाबून बघायचं, जिथं काळं उठेल तिथं टेकतं. काजळी कुठून आणायची यावर काका आणि धावडा बोलत असताना काकू आत गेल्या आणि आपली काजळाची डबी घेऊन आल्या. घरी तुपाच्या दिव्यावर धरलेलं काजळ. माझ्या बाळासाठी केलेलं ते, एवढं मला माहीत होतं.

"घ्या," त्या म्हणाल्या. "सवतीला बी नजर लागायला नको."

मला त्यांनी अंगणाच्या पार टोकाला, तुळशीपलीकडे बसवलं. त्या भरणाचा वास उग्र असतो, पोटात जातो म्हणाल्या. दोन नळ्यांतलं चिकट एकमेकांत मिसळायचं, मग ते हळूहळू दगड होतं. मी तिथूनच ओरडून सांगत होते. कोपऱ्यात आधी भरा, मधे कमी घाला, हवा राहू देऊ नका, दाबलं की बाजूनं वर आलं पाहिजे. काका म्हणत, ऐका, ऐका, बेडिंग बोलून राह्यलंय. नळीखाली मात्र काहीच टेकायला नको होतं. ती मोकळी आहे का ते बघायला काकांनी ट्रंकेतून जुन्या तिकिटांची एक जुडी काढली आणि एक तिकीट नळीखालून पुढपासून मागपर्यंत सरकवलं. ते सरकलं तेव्हा त्यांचा चेहरा वीस वर्षांनी लहान झाला.

भरण घालायच्या आधी लोखंडाला मेण लावून झालं होतं. धावडा आणि काका चहाला ओसरीवर गेले. चहा पिऊन आले, भरण घालून रायफल बसवली, स्क्रू हलकेच लावले, कडेनं वर आलेलं पुसून घेतलं आणि ती रात्रभर तशीच ठेवली.

सकाळी ती निघेना.

धावड्यांनी खालून ठोकलं, वरून ठोकलं, लाकडाची मोगरी आणली. लोखंड आणि लाकूड एक झालं होतं. धावडा मेणाची डबी उघडून परत परत बघत होते, इतकं मेण लावलं होतं, गेलं कुठं. तेव्हा काकू पदराला हात पुशीत म्हणाल्या, "ते पिवळं पिवळं होतं ते मेण व्हतं का? मला वाटलं मळ. तुम्ही चहाला गेल्ते तेव्हा मी खुरापाशी जरा पुसून घेतलं."

 काकूंच्या घरात पितळ उन्हात ठेवलं तर लखलखाटानं बघवत नसे, त्यांना रायफलीवरचा मळ कसा बघवला असता? काका पायरीवर बसले. पेला जवळच होता. त्यांनी तो एकदाच वाजवला.

मी त्या दिवशी कामाला गेले नाही. मला आत खोलीत बसून पुन्हा बांधलेलं बोचकं दिसत होतं, कपड्यांचं, भांड्यांचं, आणि ते कुठल्या गावाला न्यायचं ते दिसत नव्हतं. काकू आल्या, माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसल्या. त्यांनी चूक झाली वगैरे म्हटलं नाही. म्हणाल्या, "मेथी निवडायची आहे तुझ्या लाडवाची. ऊठ."

उपाय धावड्यांना दुपारी सुचला. थंडीत लोखंड आकसतं. बर्फात ठेवली तर सुटेल, पण बर्फानं लाकूड भिजेल. कोरडी थंडी पाहिजे. बदनापूरला स्टँडजवळ जाफराबादचा एक कुल्फीवाला होता, त्याच्याकडे आडवा मोठा डीप फ्रीजर. थंडी सुरू झाल्यानं फ्रीजर अर्धा रिकामा होता.

जाफराबादनं आधी परवाना बघितला, मग रायफल रिकामी आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, मग विचारलं की कुल्फीला काही होणार न्हाई ना. काका म्हणाले, कुल्फी हिला काही करणार नाही ना ते बघ. रायफल जुन्या धोतरात गुंडाळून कुल्फीच्या साच्यांशेजारी तिरकी झोपवली. परवान्याचं हत्यार एकटं सोडता येत नाही, म्हणून काका फ्रीजरला लागून स्टूलावर बसले. तिथं नुसतं कसं बसायचं म्हणून कुल्फी मागवत राहिले. गिऱ्हाईक आलं की जाफराबाद हळू आवाजात सांगायचा, मागच्या बाजूची कुल्फी देता येणार न्हाई, पाहुणे झोपले आहेत. संध्याकाळपर्यंत काकांचा घसा बसला.

रायफल बाहेर काढली तेव्हा तिच्यावर पांढरी पूड धरली होती आणि वेलदोड्याचा वास येत होता. धावड्यांनी कापड लावून मोगरीनं एकदा हलकेच मारलं. टक असा आवाज झाला आणि लोखंड वर आलं. खाली भरणात त्याचा ठसा उमटला होता, ओल्या मातीतल्या पावलासारखा, कडा न् कड. खुरापाशी एक टवका उडाला होता, तो दुसऱ्या दिवशी भरला, आणि त्या वेळी काकूंना आत कोंडून ठेवलं. म्हणजे त्यांना मेथी भाजायला बसवलं.

दिवाळी झाली आणि पुण्याहून मुलगा आला. त्या सकाळी मी काकूंना भाकरी थापताना बघितलं. परातीत पिठाचा गोळा त्यांनी रोज घेतात तसा घेतला, मग थोडा आणखी घेतला, मग माझ्याकडे न बघता आणखी. थापता थापता भाकरी परातीच्या काठाला लागली. तव्यावर टाकली तर कडा बाहेर लोंबत होती. त्यांनी ती कडा उलथन्यानं सावरली, भाजली आणि फडक्यात बांधली.

रेंजवर मी पुन्हा जीपमध्ये, गोधड्यांच्या आत. मोजून तीन आवाज आले.  मला राहवेना, उतरून मी शेडपर्यंत गेले. धावडा कागद घेऊन येत होते. तिन्ही भोकं एकमेकांना चिकटून बसली होती, पण कागदाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात. मधल्या काळ्या गोलाला वाराही लागला नव्हता.

मुलगा म्हणाला, बाबा, हे नेमावर नाही.

"नेमाचं बोलणं झालंच न्हाई," काका म्हणाले. "सगळे एका स्टॉपवर उतरले. स्टॉप मधलाच पाहिजे असं तिकिटावर लिव्हलेलं न्हाई."

मुलगा वैतागला. तो म्हणत होता की हीच तर गोष्ट आहे, तुम्हाला मधला गोल दिसतच नाही. धावडा म्हणाले, तो दोष नेम धरायच्या मागच्या-पुढच्या माशीचा आहे, ती सरकवली की झालं, बसकण आता बराबर आहे. मुलगा म्हणाला, तुम्ही बाबांच्या बाजूनंच बोलणार. आवाज चढायला लागले होते. मी शेडचा खांब धरला.

काकूंनी कागद टेबलावर पसरला. फडकं सोडलं आणि भाकरी तिन्ही भोकांवर ठेवली. भोकं झाकली. भोकं काय, कागदाचा तो सगळा कोपरा झाकला, आणि थोडं टेबलही.

मुलानं भाकरीकडे बघितलं. मग आईकडे. "आई, ही भाकरी..."

"काय?" काकू म्हणाल्या. "नवी बाजरी आहे. पसरते."

बाजरीची भाकरी पसरत नाही, चिरते. हे मला माहीत होतं, काकांना माहीत होतं आणि ज्या मुलाचं अंग त्याच भाकऱ्यांवर वाढलं त्याला तर माहीत होतंच.  शेडच्या खांबाला धरून उभी असलेली मी त्याला तेव्हाच दिसले असेन, गोधडीसकट. माझ्याकडे त्यानं एकदा बघितलं, लगेच नजर वळवली. मग भाकरीचा एक तुकडा मोडला आणि तोंडात टाकला.

"उन्हाळ्यापर्यंत," तो म्हणाला. "त्याच्यापुढं एक दिवस न्हाई." इतकी वर्षं पुण्यात राहूनही घाईत त्याला न्हाई आलं.

काकांनी दुसरा तुकडा मोडला, धावड्यांनी तिसरा. नेहमीच्या भाकरीखाली ती भोकं मावली असती की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही. मोजायला भाकरी उरलीच नाही.

पौषात माझी मुलगी झाली. काकूंनी सव्वा महिना मला पाण्यात हात घालू दिला नाही. शेक, लाडू, बाळाचं अंघोळपाणी सगळं त्यांनी केलं, गुडघ्यांना शिव्या देत देत केलं. काका रोज सकाळी दाराबाहेरून विचारायचे, सगळे चढले का? उन्हाळा लागला आणि दोघं ठरल्याप्रमाणे मुलाच्या गाडीत बसले. रायफल काकांनी सगळी कागदपत्रं करून धावड्यांच्या नावावर केली, कारण तिला आता सवय झाली आहे म्हणाले, अनोळखी हातात झोप लागायची नाही. जाताना काकूंनी मागची काच खाली घेतली आणि मला सांगितलं की बाळाला वाऱ्यात नेऊ नको. काका पुढं बसले होते, ड्रायव्हरशेजारी. ती जागा त्यांना शोभत नव्हती.

त्या घराचं गोदाम झालं, नवऱ्याला दुसरीकडं काम लागलं आणि आम्ही आता वापीला आहोत. इथंही खोली भाड्याचीच आहे, आणि रात्री उठून कडी बघणं माझं अजून सुटलेलं नाही. पण मी आणि माझा नवरा बोलून ठेवलं आहे. भंडाऱ्याला आमच्या गावी तळ्याच्या वरच्या अंगाला वाटणीचा एक तुकडा आहे, त्यावर आम्ही दोन खोल्या बांधणार आहोत. कधी ते सांगता येत नाही. बांधल्या की पहिली खोली कंडक्टरकाका आणि काकूंची. नवीन तांदूळ आला की त्यांना घेऊन यायचं, काकूंना पाण्यात हात घालू द्यायचा नाही, आणि उन्हाळ्यापर्यंतच राहा असं मी त्यांना मुळीच म्हणणार नाही. त्यांना हवं तितकं राहू देत.